एंटरप्राइझ पोर्टल म्हणजे काय? आणि सगळं एका स्क्रीनवर आलं तरी काम का अडतं?

नवीन नोकरीच्या पहिल्या आठवड्यात किती पासवर्ड मिळतात, मोजलेत कधी? हजेरीचं एक सॉफ्टवेअर, पगाराच्या स्लिपचं दुसरं, खरेदीसाठी ईआरपी, कॉम्प्युटर बिघडला तर हेल्पडेस्क, आणि फायली कुठल्यातरी शेअर्ड ड्राइव्हवर. मग एखादा शहाणा माणूस सगळ्या लिंक्सची एक एक्सेल शीट बनवतो आणि तीच शीट वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत राहते. ही शीट म्हणजे जुगाडू पोर्टलच.

एंटरप्राइझ पोर्टल हे याच गरजेचं रीतसर सॉफ्टवेअर. एकदा लॉगिन करायचं, मग कंपनीतली वेगवेगळी ॲप्लिकेशन्स आणि माहिती एकाच वेब पानावर दिसते. साध्या वेबसाइटशी फरक एवढाच की वेबसाइट सगळ्यांना तेच पान दाखवते, पोर्टल तुम्ही कोण आहात ते बघून पान तयार करतं. स्टोअरमधल्या माणसाला साठा दिसेल, अकाउंट्सवाल्याला थकलेली बिलं.

ही कल्पना आली कुठून?

१९९६ मध्ये 'माय याहू' आलं. बातम्या, हवामान, शेअरचे भाव हे सगळं आपल्या आवडीप्रमाणे एका पानावर मांडता येऊ लागलं. कंपन्यांना वाटलं, हेच आपल्या आतल्या माहितीचं का करू नये? नोव्हेंबर १९९८ मध्ये मेरिल लिंचच्या एका अहवालाने या प्रकाराला 'एंटरप्राइझ इन्फर्मेशन पोर्टल' असं नाव दिलं आणि बाजार तापला. प्लमट्री, आयबीएमचं वेबस्फिअर पोर्टल, मायक्रोसॉफ्टचं २००१ चं शेअरपॉइंट पोर्टल सर्व्हर, सगळे मैदानात उतरले.

पुढे बरीच खरेदी-विक्री झाली. प्लमट्री २००५ मध्ये बीईएने घेतली, आणि बीईएला २००८ मध्ये ओरॅकलने. आयबीएमचं पोर्टल २०१९ मध्ये आपल्या एचसीएलकडे आलं. आज ही मंडळी 'पोर्टल' शब्द फारसा वापरत नाहीत, 'डिजिटल एक्सपिरियन्स' म्हणतात. नाव भारी झालं, आतलं काम बरंचसं तेच आहे.

पानाच्या आत काय चालतं?

जावावर चालणाऱ्या पोर्टलमध्ये पानावरच्या प्रत्येक चौकटीला पोर्टलेट म्हणतात. पोर्टलेट पूर्ण पान देत नाही, फक्त आपल्यापुरता एचटीएमएलचा तुकडा देतं. हे तुकडे गोळा करून पान जोडायचं काम पोर्टलचं. एका कंपनीच्या पोर्टलसाठी लिहिलेलं पोर्टलेट दुसऱ्याच्या पोर्टलवरही चालावं म्हणून २००३ मध्ये जेएसआर १६८ हे मानक आलं.

यात एक गंमत आहे. तुम्ही रजेच्या चौकटीत 'सबमिट' दाबलंत, तर ती क्रिया फक्त त्याच पोर्टलेटची होते. पण पान पुन्हा दाखवायचं म्हणजे बाकीच्या चौकटींनाही आपापला तुकडा पुन्हा द्यावा लागतो. समजा पाच चौकटी आहेत. चार जणी अर्ध्या सेकंदात उत्तर देतात, पाचवी जुन्या ईआरपीला विचारते आणि आठ सेकंद घेते. एकामागून एक चालवल्या तर पान यायला दहा सेकंद, एकदम चालवल्या तरी आठ. आणि लोक म्हणणार काय, तर "पोर्टल स्लो आहे." म्हणूनच कॅशे, टाइमआउट वगैरे उपाय करावे लागतात. हल्ली ब्राउझरच प्रत्येक चौकट वेगवेगळी आणतो, त्यामुळे एकीसाठी बाकीच्यांना थांबावं लागत नाही.

एकच लॉगिन, पण जुनी दारं?

सिंगल साइन-ऑनमध्ये पासवर्ड एकाच ठिकाणी तपासला जातो. ते मध्यवर्ती ठिकाण डिजिटल सही करून बाकीच्या ॲप्लिकेशन्सना सांगतं, "हा माणूस खरा आहे, आत सोडा." यासाठी २००५ पासूनचं एसएएमएल २.० हे मानक अजूनही सर्रास वापरात आहे.

कर्मचारी नोकरी सोडून गेला की मध्यवर्ती खातं बंद केलं, काम झालं, असं वाटतं. पण पगाराच्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं जुनं लॉगिन पान तसंच चालू असेल आणि तिथला पासवर्ड जिवंत असेल, तर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. पोर्टल बसवताना जुनी लॉगिन पानं बंद करणं हे कोणाच्याच यादीत नसतं, हे माझं मत नाही, तुमच्या प्रोजेक्ट प्लॅनमध्ये शोधून बघा.

सर्चचंही असंच. चांगलं पोर्टल तुम्हाला परवानगी असलेलेच निकाल दाखवतं. पण कोणीतरी कधीकाळी पगारवाढीची फाइल 'सर्वांसाठी' शेअर करून ठेवली असेल, तर पोर्टल ती इमानदारीने सगळ्यांना दाखवणार. फाइल आधीही उघडीच होती, फक्त कोणाला सापडत नव्हती. कंपनीच्या फायलींवर एआय असिस्टंट जोडणाऱ्यांपुढे आज हाच प्रश्न उभा आहे.

खरा घोळ: तोच सप्लायर, तीन नावं

माझ्या मते पोर्टलचे बहुतेक अपेक्षाभंग इथे होतात. चाकणमधली एखादी सुटे भाग बनवणारी कंपनी घ्या. एकच सप्लायर ईआरपीमध्ये कोड नंबरने आहे, क्वालिटीच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण नावाने, अकाउंट्समध्ये आद्याक्षरांनी. पोर्टल तिन्ही चौकटी शेजारी शेजारी मांडतं. नवी ऑर्डर, नाकारलेला माल, अडकलेलं पेमेंट, सगळं समोर आहे. पण तिन्ही ओळी एकाच माणसाच्या आहेत, हे पोर्टलला कळत नाही. पोर्टल स्क्रीन जोडतं, डेटा जोडत नाही.

मग कोणीतरी म्हणतं, जीएसटी नंबर वापरा ना! तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. म्हणजे सप्लायरचा एक कारखाना पुण्यात आणि एक गुजरातमध्ये असेल, तर पॅन एक, जीएसटी नंबर दोन. आता सप्लायर एक धरायचा की दोन? क्वालिटीवाल्यांना कारखाना महत्त्वाचा, कारण माल तिथून येतो. एकूण किती उलाढाल अडकली आहे हे मालकाला बघायचं असेल, तर पॅन. दोघंही बरोबर आहेत. हा निर्णय खरेदी आणि अकाउंट्सने बसून घ्यायचा असतो, पोर्टल बसवणाऱ्या इंजिनिअरने नाही. तो घेतलाच नाही, तर शेवटी इंजिनिअर स्वतःच्या अंदाजाने कोडमध्ये काहीतरी लिहितो आणि दोन वर्षांनी त्याच अंदाजावर कोणाचं तरी पेमेंट थांबतं.

घ्यायचं की नाही?

तीस-चाळीस माणसांच्या ऑफिसला वेगळं पोर्टल लागत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ज्या प्लॅनमध्ये शेअरपॉइंट येतं, तो असेल तर आधी तेच नीट वापरा. घरचे डेव्हलपर असतील तर लाइफरेची ओपन सोर्स आवृत्ती बघता येईल. मोठं काही घेत असाल, तर डेमोला विक्रेत्याचा गुळगुळीत नमुना डेटा चालवून घेऊ नका. आपल्याच तीन सिस्टिममधल्या एका सप्लायरच्या नोंदी द्या, आणि सोबत एक चाचणी खातं. डेमो चालू असतानाच ते खातं बंद करायला सांगा आणि प्रत्येक ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या लिंकवर जाऊन पुन्हा लॉगिन करून बघा.