जुना बोर्ड, नवी डिस्क, मधे एक पेनड्राइव्ह

घरातला दहा-बारा वर्षांचा पीसी भंगारात घालायच्या आधी हे वाचा. नवी एनव्हीएमई एसएसडी त्यात बसते, विंडोजला दिसतेसुद्धा. पण तिच्यावरून मशीन सुरूच होत नाही. असं का होतं, आणि त्यावर इलाज काय?

तुम्ही नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंग करत असा, नाहीतर लातूरला औसा रोडला रूम घेऊन राहत असा, टेबलाखालचं चित्र बहुतेक सारखंच असतं. एक काळा, धूळ खाल्लेला सीपीयू. कधी मोठ्या भावाचा, कधी पुण्या-हैदराबादच्या ऑफिसातून निघालेला सेकंडहँड. आत इंटेलचा तिसऱ्या नाहीतर चौथ्या पिढीचा प्रोसेसर, एच६१ किंवा एच८१ चिपसेटचा बोर्ड, आठ जीबी रॅम आणि कुरकुरणारी हार्ड डिस्क. बटण दाबा, खाली जाऊन चहा पिऊन या, तोवर डेस्कटॉप दिसला तर दिसला.

नवा पीसी घ्यावा म्हटलं, तर घरी मोंढ्यातली सोयाबीनची पट्टी कधी येणार इथपासून विषय सुरू होतो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे आपलं मशीन अधिकृत यादीत नाही. मग कुणीतरी सुचवतं, 'एसएसडी टाक, पळेल बघ.' मित्राने लॅपटॉपमधून काढलेली एनव्हीएमई असतेच, स्वस्तातलं एक अॅडॉप्टर कार्ड मागवायचं, स्लॉटमध्ये बसवायचं. विंडोज इन्स्टॉलही होतं. रिस्टार्ट केलं, की काळा स्क्रीन: बूट डिव्हाइस सापडत नाही.

अशा वेळी 'बोर्डच बदला' हा सल्ला हमखास मिळतो. बोर्ड बदलला की प्रोसेसर बदलला, रॅम बदलली, म्हणजे पीसीच नवा घेतला. थांबा. बोर्ड खराब नाही आणि डिस्कही नाही. दोघांची एकमेकांशी ओळख नाही, एवढंच.

बोर्डाला ही भाषा येत नाही

बटण दाबल्यावर सगळ्यात आधी विंडोज जागं होत नाही. जागा होतो बोर्डावरच्या एका छोट्या चिपमधला प्रोग्रॅम. आपण त्याला अजूनही बायोस म्हणतो. २०११-१२ नंतरच्या बहुतेक बोर्डांत तो खरं तर यूईएफआय असतो. तो रॅम तपासतो आणि मग ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या डिस्कवर आहे ते शोधतो. शोधायला डिस्कशी बोलता आलं पाहिजे. साटा हार्ड डिस्क आणि साटा एसएसडीशी कसं बोलायचं हे त्याला ठाऊक असतं. एनव्हीएमई मात्र साटाच्या केबलवरून जात नाही. ती थेट पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमधून बोलते, आणि तिची भाषा वेगळी.

एनव्हीएमईचं पहिलं स्पेसिफिकेशन आलं मार्च २०११मध्ये. एच६१ चिपसेटही २०११चाच. म्हणजे दोघं एकाच वर्षाचे, पण बोर्ड बनवताना ही डिस्क घराघरात जाईल असं कुणी धरलं नव्हतं, म्हणून बायोसमध्ये तिचा ड्रायव्हर टाकलाच नाही. २०१४च्या झेड९७, एच९७ बोर्डांपैकी अनेकांना तो अपडेटमधून मिळाला आणि २०१५च्या १०० सीरिजपासून तो सर्रास येऊ लागला.

आता कोडं सुटतं. पेनड्राइव्हवरून विंडोजचा सेटअप चालू झाला की काम विंडोजकडे येतं. विंडोज १०कडे स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर आहे, म्हणून डिस्क दिसते. रिस्टार्ट केल्यावर काम पुन्हा बायोसकडे जातं, आणि त्याच्यासाठी तो स्लॉट रिकामाच.

आधी हिशेब, मग उद्योग

हे सगळं करण्यात फायदा आहे का, ते आधी बघा. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते. पीसीआय एक्सप्रेस २.० च्या चार लेनवर सैद्धांतिक मर्यादा २ जीबी, आणि ३.० च्या चार लेनवर जवळपास ४ जीबी. आकडे भारी वाटतात. पण एच८१च्या छोट्या बोर्डांवर लांब स्लॉट बहुधा एकच असतो. त्यात ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल, तर एनव्हीएमईला उरतो एका लेनचा बारका स्लॉट. पीसीआय एक्सप्रेस २.० ची एक लेन म्हणजे जास्तीत जास्त ५०० एमबी. म्हणजे एवढा खटाटोप करून वेग साटापेक्षाही कमी!

दुसरं, खरी उडी हार्ड डिस्कवरून एसएसडीवर जाण्यात आहे. साटावरून एनव्हीएमईवर गेल्याने क्रोम, वर्ड किंवा कोड एडिटर उघडण्यात फार फरक जाणवणार नाही. तेव्हा तुमच्याकडे अजून हार्ड डिस्कच असेल आणि खिशात थोडेच पैसे असतील, तर सरळ साटा एसएसडी घ्या, केबल जोडा, विषय संपला. एनव्हीएमई हातात आयती आली असेल, पुढे नवा पीसी घेतल्यावर तीच त्यात टाकायची असेल, किंवा व्हिडिओ एडिटिंगच्या मोठ्या फायली हलवायच्या असतील, तर मात्र पुढचं वाचा.

चार रस्ते

*सगळ्यात सोपा: अधिकृत अपडेट.* बोर्डावर छापलेला मॉडेल नंबर आणि रिव्हिजन लिहून घ्या आणि कंपनीच्या सपोर्ट पेजवर बायोसच्या नोंदी वाचा. त्यात एनव्हीएमई सपोर्टचा उल्लेख असेल तर तुमचं नशीब जोरात. एच६१ किंवा एच८१ असेल तर फार आशा ठेवू नका.

*सगळ्यात कामाचा: क्लोव्हर.* हा एक फुकटचा बूटलोडर. तो पेनड्राइव्हवर टाकायचा आणि त्याच्या ड्रायव्हर फोल्डरमध्ये एनव्हीएम एक्सप्रेस डीएक्सई ही छोटीशी फाइल ठेवायची. बोर्ड पेनड्राइव्हवरून सुरू होतो, क्लोव्हर ड्रायव्हर लोड करतो, एनव्हीएमई दिसू लागते आणि तिथून विंडोज सुरू होतं. थोडक्यात, बोर्ड आणि डिस्कमध्ये एक दुभाषा बसवायचा. बोर्डाच्या चिपला हातही लागत नाही. चुकलं तर पेनड्राइव्ह काढा, मशीन होतं तसं. विंडोज यूईएफआय मोडमध्ये, जीपीटी डिस्कवर टाका. सिक्युअर बूट असेल तर बंद करा. इन्स्टॉल करताना बाकीच्या डिस्कच्या केबल काढून ठेवा, नाहीतर विंडोज आपली बूट फाइल जुन्या डिस्कवर नेऊन ठेवतं. पेनड्राइव्ह कायम लावून ठेवावा लागतो. जुनी साटा डिस्क आत ठेवणार असाल, तर क्लोव्हर तिच्या एका छोट्या पार्टिशनवर टाकता येतो.

*सगळ्यात टिकाऊ: लिनक्स.* लिनक्सच्या कर्नलमध्ये एनव्हीएमई ड्रायव्हर २०१२पासून, ३.३ आवृत्तीपासून आहे. इथे दुभाष्याचीही गरज नाही. जुन्या साटा डिस्कवर नाहीतर पेनड्राइव्हवर फक्त बूट पार्टिशन ठेवायचं आणि बाकीची सिस्टिम एनव्हीएमईवर. बायोस बूट पार्टिशनमधून कर्नल उचलतो, कर्नल सुरू झाला की एनव्हीएमई तो स्वतःच वाचतो. विंडोजला ही युक्ती चालत नाही, कारण त्याचा बूटलोडर शेवटपर्यंत बायोसच्याच डोळ्यांनी डिस्क बघतो. विंडोज १०ची मुदत संपल्यावर जुन्या मशीनवर ताजे सिक्युरिटी अपडेट हवे असतील, तर हा रस्ता मनावर घ्याच. सी, पायथन, जावा, डेटाबेसची प्रॅक्टिकल्स लिनक्सवर उत्तम होतात.

*सगळ्यात धोक्याचा: बायोस मॉड.* यूईएफआय टूल वापरून कंपनीच्या बायोस फायलीत तोच ड्रायव्हर घुसवायचा आणि चिप पुन्हा लिहायची. जमलं तर पेनड्राइव्ह नको, काही नको. पण लिहिताना मधेच लाईट गेली तर बोर्ड मेला. उन्हाळ्यात वळवाचं वारं सुटलं की आपल्याकडे लाईटचं काय होतं, हे सांगायला नको. यूपीएस नसेल तर या वाटेला जाऊच नका. असेल तरी आधी मूळ बायोसची कॉपी काढून ठेवा, आणि कुणीतरी तयार करून दिलेली फाइल डोळे मिटून टाकू नका. अनेक ब्रँडेड ऑफिस मशीनचा बायोस लॉक असतो, तिथे हा नाद सोडलेलाच बरा. बोर्ड गेलाच, तर 'चिपलेव्हल रिपेअरिंग'ची पाटी असलेल्या दुकानात प्रोग्रामर असतो का विचारा. मूळ कॉपी जवळ असेल तर चिप पुन्हा लिहिता येते.

एक गोष्ट पदरात पडते

'प्रोसेसर, फर्मवेअर, बूटलोडर, कर्नल' हा क्रम ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात आपण पाच मार्कांसाठी पाठ करतो. एनव्हीएमई बूट करायला बसलात की तो क्रम कुठे तुटतो आणि कसा जोडायचा, हे समोर दिसतं. एकदा कळलं की हॉस्टेलवरचे चार बंद पीसी तुमच्याकडे येतील. लायब्ररीच्या कोपऱ्यात 'स्लो' म्हणून झाकून ठेवलेली मशीन्सही आठवतील. ती भंगारात जाण्याऐवजी पहिल्या वर्षाच्या एखाद्या पोराच्या टेबलाखाली गेली, तर त्याच्या घरची एक पट्टी वाचेल.

खरेदीआधी हे तपासा

– एम.२ दिसणारी प्रत्येक डिस्क एनव्हीएमई नसते. काही एम.२ डिस्क साटाच्या असतात. लेबल वाचा. दोन खाचांची डिस्क बहुधा साटाची निघते.

– अॅडॉप्टर एनव्हीएमईसाठीचं, म्हणजे एम-की आहे ना? चार लेनचं कार्ड एका लेनच्या बंद स्लॉटमध्ये बसत नाही.

– विकत घेण्याआधी मित्राची डिस्क लावून, उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा. 'डिस्क्स' अॅपमध्ये एनव्हीएमई दिसली, तर स्लॉट आणि अॅडॉप्टर ठीक.

– विंडोज ७ टाकायचा विचार असेल तर सोडा. त्यात एनव्हीएमईचा ड्रायव्हर मुळात नाही.

– नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. एनव्हीएमई तापली की स्वतःच वेग कमी करते. छोटा हीटसिंक लावा, सीपीयूतली धूळ झाडा.

– आणि काहीही उघडण्याआधी प्रोजेक्ट, जर्नल, फोटो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. डिस्क पुन्हा मिळते, शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट मिळत नाही.