उंबरा काढा, पण ओल अडवा

म्हाताऱ्या माणसाला ठेच लागते, म्हणून मागल्या दाराचा उंबरा काढून पडवी घराच्या जमिनीशी सपाट करताय? जरूर करा. पण मुर्धा गाव खाडी-मिठागरांजवळचं. इथली ओल खारी. भिंतीत चढली की गिलावा फुगून सुटतो.

जोत्यावर ओल अडवणारा थर असतो, गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. पडवीचा भराव त्याच्या वर भिंतीला भिडला, की ओल थराला वळसा घालून आत शिरते. म्हणून मध्ये वीतभर चर सोडा. तळ डीपीसीच्या सहा इंच खाली, पाण्याला बाहेर वाट, वर उचलता येणारी जाळी. जस्त चढवलेली, साधं लोखंड इथं टिकत नाही. पडवीला बाहेरच्या अंगाला फुटामागे पाव इंच उतार.

चौकटीखालची डांबरी पट्टी डीपीसीला जोडताना गवंड्यासमोर उभे राहा. घाई होते ती इथेच. चरातला गाळ मृगाआधी काढा.