'मुंबई ब'ची बदलती वाणी

मुंबईचे नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले, तेव्हा ते एका खासगी कंपनीचे होते. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी तीन वर्षांत बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि 1936 मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. मराठी घरांत मात्र ओळख रुजली ती 'मुंबई ब'ची.

मध्यम लहरींवरचे हे केंद्र ऐकायलाही हात बसावा लागे. ट्रान्झिस्टरमध्ये तांब्याची तार गुंडाळलेली फेराइटची दांडी असते. ती केंद्राच्या दिशेला आडवी राहिली की आवाज खणखणीत लागतो, तिचे टोक तिकडे वळले की बसतो. म्हणून घरोघरी संच जरासा तिरका ठेवलेला असे. ट्यूबलाइट लावली की गुणगुण, पावसाळ्यात वीज चमकली की कडकड. तरी लोक कान देऊन ऐकत, कारण बोलणारा आपल्याशीच बोलतोय असे वाटे.

ते खरेही होते. 'कामगार सभा' गिरणगावासाठी, 'वनिता मंडळ' बायकांसाठी, 'गंमत जंमत' मुलांसाठी. 'पुन्हा प्रपंच'मध्ये प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर पंत, मीनावहिनी, टेकाडे भाऊजी म्हणून बोलायला लागले की घरातले, चाळीतले प्रश्न हसतखेळत पुढ्यात येत. कोणाशी बोलायचे हे आधी ठरवून कार्यक्रम रचायचा, ही त्या केंद्राची सर्वांत मोठी कमाई, असे मला वाटते.

गाण्यांचे गणित वेगळे. माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी 1952 नंतर चित्रपटगीतांना आवर घातला आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. त्यांना परत आणायला 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती आली. 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे, नागपूर इथे तिच्यावर जाहिराती वाजू लागल्या. 1993 मध्ये मुंबईत एफएमवरच्या वेळा खासगी निर्मात्यांना दिल्या गेल्या. पुढे खासगी वाहिन्या आल्या आणि गाणी ऐकणारा तरुण श्रोता मध्यम लहरींवरून उठला तो उठलाच. एफएमचा आवाज स्वच्छ होता, त्याला दोष कसा द्यायचा? 'मुंबई ब'ची 'अस्मिता वाहिनी' झाली, तरी तो परतला नाही.

माझ्या मते चूक तंत्रात नव्हती. गाण्यांच्या शर्यतीत मागे पडल्यावर बोलण्याचे बळ वाढवायला हवे होते. कामगार, गृहिणी, मुले यांच्या जागी आजचे डिलिव्हरीवाले, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, एकटे राहणारे वृद्ध श्रोते म्हणून उभे करायला हवे होते. तेवढी माणसे या शहरात आजही आहेत.

निदान एक काम लगेच होण्यासारखे आहे. श्रुतिका, भाषणे, मुलाखती यांच्या ज्या फिती शिल्लक असतील, त्या आकाशवाणीने सर्वांना फुकट ऐकता येतील अशा खुल्या कराव्यात. आणि ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटवर टेपलेले कार्यक्रम पडून असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत.