तळोद्याचा भाचा आणि जयपूरची भाऊबंदकी

आमच्या नंदुरबारला पाहुणा आला की आम्ही मंडळी त्याला तळोद्याची बारगळांची गढी दाखवल्यावाचून सोडत नाही. मल्हारराव होळकर वाढले ते इथे. १६९३ साली नीरेकाठच्या होळ गावी जन्म. तीन वर्षांचे असताना पितृछत्र हरपले आणि आईने पोराला घेऊन खानदेशात माहेरची वाट धरली. मामा भोजराज बारगळ सरदार कदमबांड्यांच्या पदरी घोडेस्वार बाळगून होते. भाच्याने आधी मेंढरे राखली, मग भाला हाती घेतला, आणि पुढे मामाची लेक गौतमाबाई हिच्याशी लग्न केले. रानात झोपलेल्या या पोरावर नागाने फणा धरल्याची दंतकथा इकडे कोणीही सांगेल. पण याच मल्हाररावांनी राजपुतान्यात काय केले, हे सांगायला सहसा कोणी उत्सुक नसतो. ते आज सांगतो.

त्या भांडणाचे बीज मराठ्यांनी पेरलेले नव्हते. १७०८ साली जयपूरच्या सवाई जयसिंगाने उदेपूरची राजकन्या केली, ती एका अटीवर. तिला मुलगा झाला तर गादी त्याची, मग थोरला कोणीही असो. सोयरीक जमवताना माणसे काय काय कबूल करतात, हे वाचकांना मी सांगायला नको! पुढे थोरला ईश्वरीसिंग दुसऱ्या राणीचा निघाला, आणि उदेपूरकरणीचा माधोसिंग धाकटा. हाही आमच्या मल्हाररावांसारखाच आजोळी वाढलेला. १७४३ मध्ये जयसिंग वारला, थोरला गादीवर बसला आणि उदेपूरच्या राण्याने धाकट्यासाठी कंबर कसली.

मराठ्यांना या घरच्या तंट्यांत पाचारण झाले ते त्याच्याही आधी. बुंदीचे राज्य जयसिंगाने आपल्या मेहुण्याकडून काढून घेतले, तेव्हा त्याच्याच बहिणीने, म्हणजे बुंदीच्या राणीने, मराठ्यांना बोलावून मल्हाररावांच्या मनगटाला राखी बांधली. १७३४ साली होळकर-शिंद्यांनी बुंदी जिंकून दिली. फौजा दक्षिणेकडे वळताच जयसिंगाने ती परत घेतली. या प्रकाराने राजपूत राजांना धडकी भरली. पण दुसरीही एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली, ती ही की मराठी फौज पैसे मोजून आणता येते.

जयपूरच्या वादात होळकर माधोसिंगाकडे झुकले, तर शिंद्यांचा कल ईश्वरीसिंगाकडे! पंच म्हणून बोलावलेल्या घरातच दोन पक्ष. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर, त्यामुळे दोन्हीकडचे वकील नजराण्याचे आकडे घेऊन आले की दोघांचेही ऐकून घेतले जाई. १७४७ मध्ये राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंगाने उदेपूरच्या फौजेला धूळ चारली. त्या विजयाचा मनोरा, ईसरलाट, जयपुरात आजही उभा आहे. पण पुढच्याच वर्षी बगरूला मल्हाररावांनी त्याला नमवले. भावाला परगणे, बुंदीकरांना बुंदी आणि मराठ्यांना खंडणी, असे त्याने कबूल केले.

कबूल केले, पण देणार कोठून? तिजोरी रिकामी, आणि राज्य सांभाळणारा कर्ता दिवाण केशवदास याला ईश्वरीसिंगानेच विष देवविलेले. डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव थकबाकीसाठी जयपूरवर चालून आले. तेव्हा ईश्वरीसिंगाने विष घेतले आणि वर नाग आणवून त्याचा दंश करून घेतला. वय तिशीच्या आतले. त्याच्या राण्यांनीही विष प्राशन केले. मल्हाररावांना असे काही व्हावे असे वाटत होते, असे मला मुळीच वाटत नाही. त्यांना रुपये हवे होते. सावकाराला कूळ मेलेले कधीच नको असते.

माधोसिंग गादीवर बसला आणि मराठ्यांची मागणी वाढली. १० जानेवारी १७५१ रोजी नवे शहर पाहायला, खरेदी करायला कितीएक मराठे निःशंकपणे जयपुरात शिरले होते. भर दुपारी वेशी बंद झाल्या आणि कत्तल सुरू झाली. हजाराहून पुष्कळ अधिक माणसे गेली. काहींनी तटावरून उड्या टाकल्या, त्यांचे हातपाय मोडले. ज्याला राज्य मिळवून दिले त्याच्याच नगरात हे घडले, याचा आपल्याकडे फार संताप केला जातो. पण जयपूरकरांच्या लेखी, आपल्या राजाला विष घ्यायला लावणारे लोक महिना उलटतो न उलटतो तोच बाजारात हिंडत होते.

जोधपूरच्या गादीचा तंटाही असाच चिघळला. तो तुटेपर्यंत ताणू नये, असे पुण्याहून सांगणे होते. तरी जयाप्पा शिंदे नागोरला वेढा घालून बसले, आणि जुलै १७५५ मध्ये तेथेच मारेकऱ्यांनी त्यांचा खून केला. अशी पंचवीस वर्षे गेल्यावर १७६१ च्या जानेवारीत भाऊसाहेब पानिपतावर अन्नान्न होऊन मदतीची वाट पाहत होते. जयपूर आले नाही, जोधपूर आले नाही, उदेपूरही आले नाही.

मल्हारराव पानिपताहून जिवंत परतले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, कोट्याजवळच्या मांगरोळला त्यांनी आणखी एक लढाई मारली आणि तीत ते जखमी झाले. समोर फौज होती जयपूरच्या माधोसिंगाची.