आधी घासा, मग चमकवा

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. पण महामार्ग सोडून दर्यापूर-अकोटकडच्या गावरस्त्याला गाडी वळवली, की पहिल्या पावसातच वऱ्हाडची काळी माती टायरला धरते. वाळली तरी सुटत नाही. मग वॉशिंग सेंटर. तिथलं पोट्टं पाण्याचा फवारा मारतं, बाटलीतलं तेलकट पॉलिश फासतं, टायर नवा करकरीत दिसतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तपकिरी!

दोष पॉलिशचा कमी, घाईचा जास्त. पोपडे धरलेल्या भिंतीवर चुना मारावा, तसंच हे.

तो तपकिरी रंग सगळाच मातीचा नसतो. हवेतल्या ओझोनमुळे रबराला बारीक तडे जाऊ नयेत म्हणून टायर कंपन्या त्यात संरक्षक रसायन मिसळतात. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं, ओझोनला स्वतःवर घेतं आणि तपकिरी पडतं. म्हणजे टायर आपलं काम चोख करतोय. त्यात जुन्या पॉलिशचा चिकट थर आणि ब्रेकची धूळ मिसळली, की नुसत्या पाण्यानं काही निघत नाही.

टायर थंड असताना, सावलीत धुवा. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना भर उन्हात क्लीनर मारलात, तर तो घासण्याआधीच वाळतो. टायर क्लीनर किंवा पातळ केलेला डीग्रीजर फवारा आणि नायलॉनच्या कडक ब्रशनं बाजूची भिंत गोल घासा. तारेचा ब्रश नको. पहिला फेस चहाच्या रंगाचा निघेल. धुऊन पुन्हा घासा. फेस पांढरा निघेपर्यंत सोडू नका, सगळी मेहनत इथेच आहे.

पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांना एक जादा काम. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं धुतलेला टायर तसाच वाळू दिला, तर त्यावर पांढरट डाग उमटतात. शेवटी तांब्याभर गोडं पाणी ओता आणि लगेच फडक्यानं पुसा.

टायर पूर्ण कोरडा झाला, की वॉटर-बेस्ड ड्रेसिंग स्पंजवर घेऊन पातळ हात फिरवा. दहा मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या. ते टायरवर राहिलं, तर चाक फिरताना दारांवर काळे शिंतोडे उडतात, वर धूळही चिकटते. आरशासारखी चमक हवी म्हणून तेलकट माल घेणाऱ्यांची हौस माझ्या पचनी पडत नाही. नव्या टायरचा काळा रंग मुळात मंदच असतो. आणि डिझेल किंवा जळकं ऑइल फासणाऱ्याला तर सरळ हात जोडा. त्यानं रबर फुगतं, कमजोर होतं.

रस्त्याला टेकणाऱ्या भागाला ड्रेसिंग लावायचं नाही, ब्रेक मारताना गाडी घसरेल. दुचाकीच्या टायरला तर अजिबातच नाही.

टायर स्वच्छ झाल्यावर बाजूवर 'डॉट' या इंग्रजी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे दिसतील. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. त्या तारखेला पाच वर्षं उलटली असतील, तर पॉलिशवर पैसे घालण्याआधी टायर टायरवाल्याला दाखवून घ्या.