आयुर्वेद-विद्यालयाची निवड

पालघर तालुक्यांतील पाम हें गांव बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या अगदीं नजीक आहे. अशा गांवांतील एखाद्या कामगाराची किंवा शेतकऱ्याची मुलगी शास्त्रशाखेची बारावी उत्तीर्ण होते, 'नीट' या नांवानें सर्वत्र माहीत असलेल्या राष्ट्रीय प्रवेश-परीक्षेंत बरे गुण मिळविते आणि आयुर्वेदाचार्य, म्हणजे बी. ए. एम. एस., होण्याचें ठरविते, अशी कल्पना करावी. कांहीं दिवसांनीं तिला दोन ठिकाणीं जागा मिळते. एक जागा मुंबईस वरळी येथील शासकीय पोदार आयुर्वेद महाविद्यालयांत. दुसरी राजस्थानांत, जयपूरच्या राष्ट्रीय आयुर्वेद संस्थेंत. घरांत आनंद होतो, पेढे वांटले जातात, आणि त्याच रात्रीं वादास प्रारंभ होतो. मामा म्हणतात, जयपूरचें नांव मोठें. आजी म्हणते, मुलगी जवळ असावी. वडील कांहींच बोलत नाहींत. ते मनांत खर्चाचा हिशेब करीत असतात.

हा वाद क्षुल्लक नाहीं. आयुर्वेदाचार्य या पदवीचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यापुढें रुग्णालयांतील प्रत्यक्ष सेवेचें एक वर्ष, अशीं साडेपांच वर्षें या एका निर्णयानें बांधलीं जातात. शिवाय एकदां आरंभ केलेलें विद्यालय मध्येंच सोडून दुसऱ्यांत जाणें सहज साधत नाहीं. म्हणून निवड कशी करावी, याचा शांतपणें विचार होणें अवश्य आहे.

प्रथम हे दोन प्रवेश एकाच वेळीं कसे मिळतात, तें समजून घेतलें पाहिजे. शासकीय व अनुदानित आयुर्वेद-विद्यालयांतील शेंकडा १५ जागा अखिल भारतीय वांट्यांत येतात आणि त्या केंद्रीय आयुष समुपदेशन समितीमार्फत भरल्या जातात. जयपूरच्या संस्थेसारख्या राष्ट्रीय संस्थांतील प्रवेशही याच समितीकडून होतात. उरलेल्या शेंकडा ८५ जागा राज्याच्या वांट्याच्या असून त्या महाराष्ट्रांत राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडून भरल्या जातात. दोन्हीं ठिकाणीं अर्ज करण्यास मुभा आहे, आणि दोन्हींकडील फेऱ्या जवळजवळ बरोबरीनेंच चालतात. त्यामुळें एकाच विद्यार्थिनीच्या हातीं दोन जागा येऊं शकतात. परंतु रुजू मात्र एकाच ठिकाणीं होतां येतें. मूळ कागदपत्रें एका विद्यालयांत जमा झालीं, कीं दुसरें दार बहुधा मिटतें. पहिल्या फेरींत माघार घेण्याची मोकळीक अधिक असते. पुढील फेऱ्यांत ती कमी होत जाते आणि अनामत रक्कमही जप्त होऊं शकते. म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका घरांतील कोणी तरी आरंभापासून शेवटपर्यंत वाचलेली असावी.

येथें एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. राज्याच्या फेऱ्यांत निवड करावयाची ती जागा मिळाल्यावर नव्हे, तर पसंतिक्रमाची यादी लिहितांना. यादींत जें विद्यालय वर लिहिलें असेल, तें गुणांनुसार मिळण्याजोगें असल्यास तेंच पदरांत पडतें. खालच्या विद्यालयांचा मग विचारच होत नाहीं. शेजारच्या मुलानें लिहिलेली यादी पाहून आपली यादी भरणाऱ्याला पुढें तक्रारीस जागा राहत नाहीं. ज्या विचारानें दोन मिळालेल्या जागांतून एक निवडावयाची, तोच विचार यादी भरण्यापूर्वीं केलेला बरा.

आतां विद्यालय कोणत्या कसोट्यांवर पारखावें, तें पाहूं जातां पहिली कसोटी मान्यतेची. मुंबई इलाख्यांत वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा १९३८ सालीं झाला. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रानें १९६१ सालीं आपला स्वतंत्र कायदा केला, १९७० सालीं सर्व देशासाठीं भारतीय चिकित्सा-पद्धतीच्या केंद्रीय परिषदेचा कायदा आला, आणि २०२० च्या कायद्यानें त्या परिषदेच्या जागीं राष्ट्रीय आयोग स्थापन करण्याचें ठरलें. विद्यालयास त्या वर्षीं विद्यार्थी घेण्याची परवानगी या आयोगाकडून असली पाहिजे. पोदार विद्यालय १९४१ सालचें असून तें नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशीं संलग्न आहे. जयपूरची संस्था केंद्र सरकारनें १९७६ सालीं स्थापिली आणि २०२० सालीं तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या दोहोंविषयीं शंकेचें कारण नाहीं. परंतु नव्यानें निघालेल्या एखाद्या खाजगी विद्यालयाचा प्रश्न असेल, तर चालू वर्षाचें परवानगीपत्र डोळ्यांनीं पाहिल्यावांचून शुल्क भरूं नये.

दुसरी कसोटी रुग्णांची, आणि खरें पाहतां हीच सर्वांत मोठी. वैद्यक हें पुस्तकांतून अर्धें आणि रुग्णाच्या खाटेशेजारीं अर्धें शिकावयाचें असतें. नाडी कशी पाहावी, ज्वराच्या रुग्णास लंघन किती द्यावें, पंचकर्मापूर्वीं स्नेहन केव्हां थांबवावें, हें फळ्यावर लिहून समजत नाहीं. आयुर्वेद-विद्यालयांच्या २०१६ च्या किमान मानकांत हीच गोष्ट आंकड्यांनीं सांगितली होती: ६० विद्यार्थ्यांच्या विद्यालयास ६० खाटांचें रुग्णालय असावें, बाह्यरुग्ण विभागांत दररोज सरासरीनें १२० रुग्ण यावेत, आणि शेंकडा ४० हून अधिक खाटा भरलेल्या असाव्यात, १०० विद्यार्थ्यांस १०० खाटा आणि दररोज २०० रुग्ण. हीं मानकें किमान होत. कागदावर तीं सर्वत्र पुरीं असतात; प्रत्यक्षांत असतात कीं नाहीं, हें पाहण्यास मोठ्या विद्वत्तेची जरूर नाहीं. कामाच्या दिवशीं सकाळीं दहा वाजतां बाप-लेकीनें रुग्णालयांत जावें आणि तासभर बसावें. रांग किती आहे, आंतल्या खाटांवर माणसें आहेत कीं नुसत्याच चादरी आहेत, विद्यार्थी वैद्यांच्या मागोमाग फिरतात कीं उपाहारगृहांत बसतात, एवढें पाहिलें म्हणजे पुष्कळ कळतें. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीस, "ताई, बाळंतपणें तुम्हीं किती पाहिलींत?" असें विचारावें. तिचें उत्तर छापील माहितीपत्रकाहून अधिक विश्वसनीय असतें.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच आहे, असें नव्हे. अमेरिकेंत अँड्र्यू टेलर स्टिल यांनीं 'ऑस्टिओपथी' नांवाची चिकित्सा-पद्धति काढली आणि १८९२ सालीं मिसूरी प्रांतांतील कर्क्सव्हिल येथें तिचें पहिलें विद्यालय स्थापिलें. कालांतरानें त्या विद्यालयांनीं आधुनिक वैद्यकाचा सर्व अभ्यास स्वीकारला, आणि हल्लीं त्यांच्या पदवीधरांस त्या देशांत इतर डॉक्टरांप्रमाणेंच संपूर्ण परवाना मिळतो. २०२० पासून पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची मान्यता-व्यवस्थाही दोघांची एकच झाली आहे. तेथेंही दोन विद्यालयांचें बोलावणें आलेला विद्यार्थी याच पेचांत पडतो. कारण त्या पद्धतीच्या पुष्कळ विद्यालयांस स्वतःचें मोठें रुग्णालय नसतें. पहिलीं दोन वर्षें वर्गांत जातात आणि पुढील दोन वर्षें विद्यार्थ्यांस निरनिराळ्या गांवांच्या रुग्णालयांत पाठविण्यांत येतें. तेथील जाणते लोक त्यास हेंच सांगतात, कीं इमारत पाहूं नकोस, तिसऱ्या वर्षीं तुला कोणत्या रुग्णालयांत उभें राहावयाचें आहे, तें विचार. पद्धति भिन्न, देश भिन्न. कसोटी मात्र एकच.

तिसरी कसोटी अध्यापनाची. सर्व विषयांस शिक्षक पुरेसे आहेत काय, शवविच्छेदनासाठीं विद्यार्थ्यांच्या मानानें व्यवस्था आहे काय, वनस्पतींची बाग राखलेली आहे कीं पाट्या तेवढ्या उभ्या आहेत, संहिता मुळांतून शिकविल्या जातात कीं टिपणांवर भागविलें जातें, हें पाहावें. पुढें पदव्युत्तर अभ्यास अथवा संशोधन करावयाचें असल्यास मोठ्या संस्थेचा लाभ निःसंशय आहे. जयपूरच्या संस्थेंत पदव्युत्तर व विद्यावाचस्पति या दोन्हीं पदव्यांचें शिक्षण चालतें. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या विद्यार्थ्यांचा सहवास घडतो आणि दृष्टि विशाल होते. उलटपक्षीं पदव्युत्तर प्रवेशासाठीं २०१७ पासून सर्व देशाची एकच परीक्षा आहे, हेंही विसरूं नये. वरळीस शिकलेल्या विद्यार्थिनीस पुढें जयपूरला जाण्याचें दार त्या परीक्षेनें उघडें ठेवलेलें आहे.

चौथी कसोटी खर्चाची. आणि ती सांगण्यास संकोच वाटण्याचें कारण नाहीं. शुल्क हा खर्चाचा एकच भाग होय. राहणें, जेवण, पुस्तकें, प्रवास आणि सुटीचें येणेंजाणें मिळून साडेपांच वर्षांची बेरीज कागदावर मांडावी. डहाणूपर्यंत मुंबईची उपनगरी गाडी २०१३ सालीं सुरू झाली. त्यामुळें बोईसरहून वरळीस रोज जाणेंयेणें शक्य आहे, असें कोणी म्हणेल. तें शक्य असलें, तरी शहाणपणाचें नव्हे. एका बाजूचें अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, आणि गाडीच्या गर्दींत रोज चार-पांच तास घालविणारी मुलगी रात्रीं शारीररचनेचें पुस्तक उघडील, ही आशा फोल आहे. म्हणून वरळी जवळ असली, तरी वसतिगृहाचा खर्च तेथेंही धरावाच लागतो. मात्र आजारपणांत आई दुपारपर्यंत पोहोंचूं शकते, हा लाभ पैशांत मोजतां येत नाहीं.

सवलतींचाही हिशेब करावा. महाराष्ट्र शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानें आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांस राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेंतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास शिक्षण-शुल्क व परीक्षा-शुल्क यांची संपूर्ण माफी देण्यांत आली. अनुसूचित जमातींतील मुलामुलींस शिष्यवृत्ति आहे, आणि शासकीय वसतिगृहांत जागा न मिळाल्यास 'स्वयम्' योजनेखालीं निर्वाहासाठीं साहाय्य मिळण्याची सोय आहे. परंतु जातीच्या वैधतेचा दाखला वेळेवर हातीं नसला, तर मिळालेली जागाही धोक्यांत येते. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी या समाजांतील पालकांनीं मुलें अकरावींत असतांनाच त्या दाखल्यासाठीं अर्ज करावा. राज्याबाहेर जाणाऱ्यानें यांपैकीं कोणती सवलत तेथें लागू पडते, याची लेखी खात्री आधींच करून घ्यावी.

या चार कसोट्या लावल्यावरही दोन चांगल्या विद्यालयांचीं पारडीं समान राहूं शकतात. मग पांचवा प्रश्न विचारावा: शिकून पुढें कोठें आणि काय करावयाचें? पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून निराळा झाला. त्याच्या एका अंगास तारापूरचे कारखाने आणि १९६९ पासून चालणारें अणुवीजकेंद्र, तर दुसऱ्या अंगास जव्हार-मोखाड्याचे डोंगरी पाडे आहेत. १९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं आणि साऱ्या महाराष्ट्रास धक्का बसला. त्यानंतर १९९५ सालीं शासनानें आदिवासी भागांसाठीं नवसंजीवन योजना काढली. पाड्यापाड्यांवर जाणाऱ्या भरारी पथकांत, तसेंच उपकेंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांत आयुर्वेदाच्या पदवीधरांचा भरणा मोठा आहे. अनेक पाड्यांवर रुग्णास प्रथम भेटणारा वैद्य हाच असतो. त्यास मराठी तर हवीच, पण वारली बोलीही कानाखालून गेलेली असली पाहिजे. सर्पदंशाचा रुग्ण केव्हां आणि किती त्वरेनें जव्हारच्या कुटीर रुग्णालयाकडे धाडावा, अशक्त बालकाच्या आईशीं काय बोलावें, हें ज्ञान या भूमीच्या जवळ शिकलेल्यास लवकर येतें.

यावरून निर्णय असा निघतो. जिला आपल्याच जिल्ह्यांत राहून लोकांची सेवा करावयाची आहे आणि जिच्या घरचें बळ बेताचें आहे, तिनें वरळी पत्करावी. रुग्ण आपल्या भाषेचे, नोंदणी आपल्या राज्यांतील, आणि सेवावर्षांतील कांहीं काळ आपल्या भागांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत घालविण्याचा प्रयत्नही तेथून सुलभ. जिची ओढ ग्रंथांकडे, संशोधनाकडे अथवा अध्यापनाकडे आहे, हिंदी भाषा जिला अडत नाहीं, आणि घरापासून दूर राहण्याचें जिचें मन व घरच्यांची ऐपत दोन्हीं आहेत, तिनें जयपूरला अवश्य जावें. आजीच्या डोळ्यांतील पाण्यासाठीं ती संधि दवडूं नये. जिचा निश्चय अद्यापि झालेला नाहीं, तिनें कमी खर्चाची आणि अधिक रुग्णांची जागा धरावी. कारण निश्चय पुढें झाला, तरी त्या निवडीनें कोणतेंही दार बंद होत नाहीं.

विद्यालयाचें नांव पदवीच्या कागदावर एकदां छापलें जातें. पुढें आयुष्यभर रुग्ण येतात, ते वैद्याच्या हाताला येणाऱ्या गुणाकडे पाहून. तो गुण जेथें लवकर आणि चांगला कमावतां येईल, तें विद्यालय त्या विद्यार्थिनीपुरतें श्रेष्ठ, मग तें समुद्राकांठचें असो वा मरुभूमीच्या वेशीवरचें. आणि वडिलांनीं मनांत चालविलेला हिशेब मोठ्यानें, लेकीला शेजारीं बसवून मांडावा. साडेपांच वर्षें चालावयाचें आहे तें तिला, म्हणून शेवटचा शब्दही तिचाच असावा.