क्रोमच्या रॉडजवळ वेल्डिंग

इंदूरहून एका प्रेक्षकांनी विचारलंय: जेसीबीच्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडचा डोळा, म्हणजे पिन बसते ते भोक, झिजलंय. वेल्डिंगने भर घालून परत बोअर करायचंय. शेजारचं क्रोम टिकेल का?

मी ते घालवून बसलोय, म्हणून सांगतो. कॅप्टन होतो तेव्हा, फील्ड वर्कशॉपमध्ये. रिकव्हरी गाडी संध्याकाळपर्यंत हवी होती. वेल्डर हवालदार म्हणाला, "साहेब, मध्येमध्ये गार होऊ द्या." मी म्हटलं, एका दमात उरक. क्रोमचा रंग बदलला, बारीक भेगा दिसल्या. पुढे त्या भेगांनी सील खाल्लं, तेल गळायला लागलं. हवालदाराचं बरोबर होतं.

हार्ड क्रोमचा थर साधारण 20 ते 50 मायक्रॉनचा. तापल्यावर पोलाद त्याच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. थर ताणला जातो आणि तडकतो. 400 अंशांच्या आसपास त्याचा कठीणपणाही उतरायला लागतो.

मग रॉड गारच ठेवावा? तसंही नाही. या रॉडना बहुधा ईएन-8 सारखं, 0.4 टक्क्यांच्या आसपास कार्बन असलेलं पोलाद असतं. गार पोलादावर वेल्ड मारलं की कडेचा भाग ठिसूळ होतो आणि डोळा कामावर असताना फुटतो. म्हणजे एकाच तुकड्याचं एक टोक तापलेलं हवं, दुसरं थंड. सगळी कसरत इथंच आहे.

आधी बुश आणि सील काढा. डोळा 150 ते 200 अंशांवर आणा. तापमान दाखवणारा खडू मिळतो, अंदाजावर जाऊ नका. क्रोमला ओलं फडकं गुंडाळा, पण डोळ्यापासून चार बोटं सोडून. पाणी वेल्डमध्ये गेलं तर भेग ठरलेली. 7018 ची 2.5 मिलिमीटरची कांडी, ओव्हनमधून काढलेली, कमी करंटवर. इंचभर रन, मग समोरच्या बाजूला इंचभर. उघड्या क्रोमवर कोरडं ब्लँकेट टाका, ठिणगी चिकटली तर डाग जात नाही. आणि अर्थिंगचा क्लॅम्प डोळ्यालाच लावा. क्रोमवर लावलात तर तिथं आर्क उडून खड्डा पडतो. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. शेवटी डोळा कोरड्या चुन्याच्या भुकटीत पुरून सावकाश निवू द्या.

एक आडवळण. जुन्या लष्करी नट-बोल्टांवरचा पिवळा मुलामा कॅडमियमचा असू शकतो. त्याचा धूर फुप्फुसात गेला तर माणूस दगावतो. खात्री नसेल तर त्याला आर्क लावू नका.

इंदूरकर, तुमच्या रॉडवर क्रोम डोळ्यापासून दोनच बोटांवर सुरू होत असेल, तर वेल्डिंग सोडा. डोळ्यात पुरेशी जाडी असेल तर बोअर मोठं करून पोलादी बुश दाबून बसवा. आधी माप घेऊन मला कळवा.